राष्ट्रीयत्व भारतीय, नागरिकत्व अमेरिकन, असं लिहिता येतं का?

दादरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. भाचा जन्माने अमेरिकन, ओसीआय कार्ड (भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया कार्ड) काढलंय, आता मुंबईत शिकायला येतोय. फॉर्मवर राष्ट्रीयत्व आणि नागरिकत्व असे दोन वेगळे रकाने आहेत, तर पहिल्यात भारतीय आणि दुसऱ्यात अमेरिकन लिहिलं तर चालेल ना, शेवटी पोरगं आपलंच आहे.

नाही चालणार ताई, दोन्हीकडे अमेरिकनच. राष्ट्रीयत्व म्हटलं की आपल्याला राष्ट्रप्रेम, रक्ताचं नातं असलं काहीतरी वाटतं, पण सरकारी कागदावर त्याचा अर्थ एवढाच की जगाच्या हिशेबात तुम्ही कुठल्या देशाच्या खात्यावर आहात. नागरिकत्व म्हणजे त्या देशाच्या आत तुम्हाला मत, निवडणूक, सरकारी पदं वगैरे हक्क आहेत का. म्हणून राष्ट्रीयत्व निर्जीव वस्तूंनाही असतं! विमानतळावर आपल्या विमानांवर व्हीटी लिहिलेलं दिसतं ना (मुंबईकराला आधी स्टेशनच आठवणार), ती विमानाच्या राष्ट्रीयत्वाची खूण आहे, पण विमानाला कोणी नागरिक म्हणत नाही. कंपनीचंही तसंच, सुप्रीम कोर्टाने 1963 साली स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या केसमध्ये सांगितलं की कंपनी नागरिक नाही, त्यामुळे घटनेच्या कलम 19 चे (बोलण्याचं, व्यवसायाचं स्वातंत्र्य वगैरे) हक्क तिला स्वतःला मागता येत नाहीत.

माणसांच्या बाबतीत मात्र आपल्याकडे फरक जवळपास पडतच नाही. घटनेच्या 5 ते 11 या कलमांत आणि 1955 च्या कायद्यात विषय नागरिकत्वाचा, पण पासपोर्टवर रकाना राष्ट्रीयतेचा, आणि तहसीलदाराकडून मिळणाऱ्या, आपण ज्याला नुसतं डोमिसाईल म्हणतो त्या दाखल्याचं पूर्ण नाव 'वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास'. सगळीकडे उत्तर एकच, भारतीय, मग कोण कशाला डोकं लावतंय.

बाहेर मात्र फरक खरंच पडतो. अमेरिकेच्या ताब्यातल्या अमेरिकन सामोआ बेटांवर जन्मलेले लोक अमेरिकेचे राष्ट्रीय आहेत पण नागरिक नाहीत, पासपोर्टवर तशी नोंदच असते, अमेरिकेत जाऊन राहा, नोकरी करा, पण राष्ट्राध्यक्षाला मत नाही द्यायचं. मेक्सिकोत तर बाळ जन्मतः मेक्सिकन असतं पण नागरिक होतं 18 व्या वर्षी. आणि जुन्या सोव्हिएत संघात प्रकार अजून वेगळा होता, नागरिकत्व सगळ्यांचं सोव्हिएत पण पासपोर्टवर राष्ट्रीयत्वापुढे रशियन, जॉर्जियन, ज्यू असं लिहिलेलं, म्हणजे आपण ज्याला वंश किंवा समाज म्हणू ते. ताई, तुमच्या डोक्यात जो अर्थ आहे तो साधारण याच्या जवळचा आहे, म्हणजे अगदीच चूक नाही, फक्त आपल्या फॉर्मला तो लागू होत नाही.

खरा घोळ घातलाय तो ओसीआयच्या नावाने. ओव्हरसीज सिटिझन म्हणायचं आणि नागरिक मात्र नाही! मत देता येत नाही, अलिबागला शेतजमीन विकत घेता येत नाही, पासपोर्ट परदेशीच. आजीवन व्हिसा म्हटलं असतं तर अर्धे प्रश्न आलेच नसते असं माझं मत.

तर दोन्ही रकान्यांत अमेरिकन लिहा, ओसीआय असल्याचं जिथे वेगळं विचारलंय तिथे टाका, आणि कुठल्या कोट्यात बसतो ते या वर्षीच्या माहितीपत्रकात बघून घ्या, ते नियम बदलत असतात.