कारखाना 'वेठीस' धरता येतो का?

कोथरूडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: साथीच्या काळात सरकारने कारखान्यांना व्हेंटिलेटर, ऑक्सिजन पुरवायला भाग पाडले, तर 'उद्योगांना वेठीस धरले' असे लिहावे का?

लिहू नये. संप झाला की 'प्रवासी वेठीस', पाणी गेले की 'पुणेकर वेठीस'. ऐकून ऐकून कान किटले. तिथे 'अडवणूक' म्हणा, चांगला धडधाकट शब्द आहे. वेठ म्हणजे फुकट राबवणूक. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम 65 सरकारला वाहने, जागा, साधने ताब्यात घेऊ देते आणि लगेच कलम 66 त्याचा मोबदला द्यायला लावते. आमच्या गल्लीतल्या बसमालकाच्या गाडीवर तेव्हा 'अधिग्रहित' असा कागद काचेला आतून डकवला होता. त्याला भाडे मिळाले, म्हणजे ती वेठ नव्हे. अमेरिकेने मार्च 2020 मध्ये 1950 च्या संरक्षण उत्पादन कायद्याचा बडगा दाखवून जनरल मोटर्सकडून व्हेंटिलेटर करून घेतले, तेही पैसे मोजूनच.

खरी मौज व्युत्पत्तीत आहे. वेठ 'वेष्ट्'पासून, म्हणजे वेढण्यावरून आली, असे सांगणारे विद्वान भेटतात. साफ चूक! 'वेष्ट्'चा आपल्याकडे 'वेढा' झाला, ढ घेऊन. वेठ आली 'विष्टि'पासून. मुष्टि-मूठ, दृष्टि-दीठ, तशी विष्टि-वेठ. इ चा ए कसा, म्हणाल, तर बिल्वाचा बेल आणि सिंदूराचा शेंदूर कसा झाला ते पाहा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विष्टि म्हणजे सक्तीची मजुरीच.

आणि जुनागढचा रुद्रदामनाचा शिलालेख, इ.स. 150 चा! वादळाने सुदर्शन तलावाचा बांध फुटला, प्रजा हवालदिल झाली. राजाने तो पुन्हा बांधला आणि दगडावर अभिमानाने कोरून ठेवले की प्रजेला कर, विष्टि आणि 'प्रणय' यांनी न पिडता, स्वतःच्या खजिन्यातून बांधला. (हा 'प्रणय' म्हणजे प्रेमाच्या नावाखाली उकळलेली वर्गणी.) आणीबाणीतसुद्धा वेठ न लावणे ही त्या काळी मिरवण्याची गोष्ट होती.

विष्टि अजून आपल्या घरात आहे. राखी बांधताना आजी ज्या भद्रेला टाळायला लावते, ते पंचांगातले विष्टि करणच (करण म्हणजे अर्धी तिथी). सक्तीच्या कामाचे नाव अशुभ वेळेला मिळाले, असे माझे ठाम मत आहे, कोणी कितीही नाके मुरडोत.