पुण्यात राहून रॉक बँडमध्ये इलेक्ट्रिक व्हायोलिन वाजवणं हे करिअर होऊ शकतं का?

तुम्ही इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात, लहानपणापासून हिंदुस्थानी व्हायोलिन शिकताय आणि विचारताय, की रॉक वाजवून पोट भरेल का आणि सुरुवात कुठून करायची.

पोट भरतं. मी पुण्यातच राहून हे करतोय. पण नुसत्या बँडवर नाही. घरखर्च निघतो तो लग्नांच्या सुपाऱ्या, स्टुडिओतली कामं आणि शिकवण्या यांतून. बँडमुळे नाव होतं आणि त्या नावावर ही कामं येतात, त्यामुळे दोन्हींपैकी एकही सोडता येत नाही.

रॉक बँडमध्ये ड्रम, बेस, गिटार यांची जागा ठरलेली असते. व्हायोलिनची नसते, ती तयार करावी लागते. १९७१ साली गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनने महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा बँड काढला, त्यात जेरी गुडमन व्हायोलिनवर होता. गिटार आणि व्हायोलिन एकच अवघड, वेगवान ओळ एकत्र वाजवतात. त्या रचना अशा बांधल्यात की व्हायोलिन काढलं तर काही उरतच नाही. याउलट किंग क्रिमसन या बँडमधला व्हायोलिनवादक डेव्हिड क्रॉस. बेस आणि ड्रमचा आवाज वाढत गेला, व्हायोलिन त्याखाली दबत गेलं आणि १९७४ मध्ये तो बाहेर पडला. वाजवण्यात तो कुठेही कमी नव्हता. म्हणून बँड निवडताना एवढंच बघा, की गाणं बांधायला बसतात तेव्हा तुम्ही त्या खोलीत असता, की सगळं ठरल्यावर ‘इथे सोळा मात्रा तू वाजव’ म्हणून बोलावलं जातं. दुसरा प्रकार असेल तर तिथे फार दिवस काढू नका.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या क्षेत्रात टिकलेले बरेच जण दुसरंही काहीतरी करत होते. रॉक व्हायोलिनवादक एडी जॉब्सन व्हायोलिनइतकाच कीबोर्डवर तयार होता. कॅन्सस या बँडचा व्हायोलिनवादक रॉबी स्टाइनहार्ट गायचाही. तुम्हाला गळा असेल तर कोरस गा, नसेल तर कीबोर्डवर निदान कॉर्ड धरायला शिका.

(पुणेकर म्हणून एक सांगायचा मोह आवरत नाही. द हू या बँडचं १९७१ चं ‘बाबा ओ’रायली’ ऐका. शेवटी डेव्ह आर्बसचं व्हायोलिन सुटतं ते अंगावर काटा आणतं. शीर्षकातले बाबा म्हणजे मेहेरबाबा, जन्म पुण्यातला, १८९४ चा.)

आता आवाजाबद्दल, कारण नवीन मुलं सगळ्यात जास्त अडतात ती इथेच. साध्या व्हायोलिनला माइक लावून ड्रमशेजारी उभं राहिलात की पोकळ पेटी स्पीकरचा आवाज पकडते आणि शिट्टी सुरू होते. भरीव लाकडाच्या इलेक्ट्रिक व्हायोलिनमध्ये हा त्रास बराच कमी होतो. पण त्यात बहुतेक वेळा घोडीला पिझो पिकअप (तारांची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा तुकडा) असतो आणि तो थेट मिक्सरला जोडला की आवाज पत्र्यासारखा, किरटा येतो. याचं कारण वाद्य नसतं. पिझोला पुढे निदान एक मेगाओहम रोधाचा (इम्पीडन्सचा) इनपुट लागतो, मिक्सरच्या लाइन इनपुटला तो मिळत नाही आणि खालचे स्वर गळून जातात. म्हणून मधल्या किमतीचं व्हायोलिन घ्या, पण प्रीअँप, म्हणजे पिझोला हवा तसा इनपुट देऊन सिग्नल मिक्सरकडे पाठवणारी छोटी पेटी, चांगला घ्या. प्रत्येक कार्यक्रमाला साउंडवाला वेगळा असतो, प्रीअँप तुमचा असतो.

गिटारवाल्या मित्राचं ओव्हरड्राइव्ह पेडल (आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणारं, म्हणजे डिस्टॉर्शन देणारं) त्याच्याच सेटिंगवर वापरू नका. गिटारची तार छेडली की स्वर विरत जातो, गजाचा स्वर गज फिरतोय तोवर विरत नाही. त्यामुळे गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) तेवढाच ठेवला तर नुसता गोंगाट होतो आणि गजाची खरखरही मोठी होते. गेन निम्म्यावर आणा. मग सा आणि प एकत्र वाजवून बघा, भिंतीसारखा ठाम आवाज येईल. त्याच सेटिंगवर सा आणि ग वाजवा, लगेच गढूळ होईल. डिस्टॉर्शनवर कोणत्या जोड्या चालतात हे हाताला कळायला वेळ लागतो, पण तुमची ओळख त्यातूनच तयार होते.

हिंदुस्थानी तालीम हे तुमचं मोठं भांडवल आहे. प्रभाकर जोगांच्या ‘गाणारं व्हायोलिन’मध्ये शब्द नसतानाही शब्द ऐकू येतात. तशी मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, पडद्यांच्या गिटारवर सहजासहजी येत नाही, ती रॉकमध्ये बेधडक वापरा. मात्र दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतील. पहिली, उभं राहून, हनुवटीखाली धरून वाजवणं. दुसरी, सा-पमध्ये लावलेलं वाद्य बाजूला ठेवून जी-डी-ए-ई या पाश्चात्त्य स्वरांत तारा लावणं आणि कुठल्याही पट्टीत वाजवणं. गिटारवाले ई आणि एमध्येच रमतात, तुमच्या पट्टीसाठी कोणी थांबत नाही. येणारी प्रत्येक चीज रोज वेगळा सा धरून वाजवा.

कामाचं म्हणाल तर म्हात्रे पुलाजवळच्या लॉन्सवर लग्नसराईत वधूवरांच्या एंट्रीला व्हायोलिन हवंच असतं. साथीचे रेकॉर्ड केलेले ट्रॅक स्वतःचे ठेवा, अर्धे पैसे आगाऊ घ्या आणि रात्री दहाला स्पीकर बंद होतो हे धरूनच वेळ ठरवा. ही कामं मन लावून करा. पाचशे माणसांसमोर पहिल्याच स्वराला सुरात लागणं तिथे शिकायला मिळतं. स्वतःच्या चाली झाल्या की आयपीआरएसचं, म्हणजे संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्या.

कानाला प्लग लावायची सवय आजपासूनच करा. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या सुरक्षा-आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पण दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. तालमीच्या बंद खोलीत तेवढा आवाज सहज होतो.

पदवी पूर्ण करा. दोन वर्षांनी बँड मिळणार नाही असं काही नाही. तोवर फिरोदिया करंडक या पुण्यातल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठीच्या कॉलेजच्या टीममध्ये शिरा. नाटक, नाच, चित्रं, वाद्यं सगळं एकाच सादरीकरणात असतं, त्यामुळे गाण्याच्या मधोमध व्हायोलिनला जागा कशी काढायची याचा सराव होतो. शिवाय तुमचे पुढचे ड्रमर आणि बेसवाले बहुधा तिथेच भेटतील.