बेलव्हिलच्या उतारावर

प्रश्न : ताई, मे महिन्यात मुलीकडे पॅरिसला जाणार आहे. तिचं घर बेलव्हिल भागात आहे. ती सांगते की तिथे अरब, चिनी, ज्यू, फ्रेंच सगळे शेजारी-शेजारी राहतात आणि पावलापावलावर बेकऱ्या आहेत. ती कामावर गेली की दिवसभर मी एकटीच. गुडघे दुखतात, फ्रेंच येत नाही, अंडं चालतं पण मांसाहार करत नाही. नुसत्या बेकऱ्या पाहत हिंडून वस्ती कळेल का? सुरुवात कुठून करू?
– एक वाचक

उत्तर : कळेल. मी त्या भागात सहा वर्षं राहिले. भाषा यायच्या आधी मला ती वस्ती बेकऱ्यांसमोरच्या रांगांमधूनच कळली.

आधी गुडघ्यांचं. बेलव्हिल टेकडीवर वसलंय. १८६० मध्ये पॅरिसला जोडेपर्यंत ते वेगळं गाव होतं. तेव्हा चढण चढायचीच नाही. ११ नंबरच्या मेट्रोने वर झूर्दँ स्टेशनला जा आणि ‘रू द बेलव्हिल’ या रस्त्याने सावकाश खाली या.

वरच्या अंगाला फ्रेंच बेकऱ्या आहेत. पाटीवर ‘बुलांझरी’ हा शब्द पाहा. जिथल्या तिथे कणीक मळून पाव भाजणाऱ्या दुकानालाच तो लावता येतो, तसा १९९८ चा कायदा आहे. आत शिरताच ‘बोंझूर’ म्हणा. ते न म्हणता थेट बोट दाखवणं तिथे उद्धटपणाचं समजतात. क्रॉसाँ (पापुद्र्यांचा मऊ पाव) घेताना आकार बघा : सरळ असेल तो सहसा लोण्याचा, चंद्रकोरीसारखा वळलेला सहसा मार्गारिनचा. खात्रीसाठी ‘ओ बर?’ (लोण्याचा का?) एवढं विचारा. आणि हा क्रॉसाँसुद्धा मूळचा तिथला नाही बरं का. आऊगुस्ट त्सांग या ऑस्ट्रियन माणसाने १८३० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली, तिथून त्याची चाल पडली. अशा पदार्थांना आजही ‘व्हिएन्वाझरी’ म्हणतात. पुडी घेऊन डावीकडच्या ‘रू पिया’ या रस्त्याने बेलव्हिल पार्कच्या माथ्यावर जा आणि बाकावर बसून खा. तिथून आयफेल टॉवरपर्यंतचं शहर दिसतं.

रस्त्यावर परत आलात की ७२ क्रमांकाच्या दारावर गायिका एदित पियाफच्या नावाची पाटी दिसेल. खाली बेलव्हिल स्टेशनजवळ चिनी दुकानं सुरू होतात. अंड्याच्या कस्टर्डचे छोटे टार्ट गरम असतील तर घ्या, पण पापुद्र्यांच्या चिनी पदार्थांत डुकराची चरबी असू शकते. मुलीकडून तो प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या. फ्रेंच दुकानांतल्या मूसच्या केकमध्ये बरेचदा प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं, तेही विचारायचं.

आता माझी सगळ्यात आवडती जागा : ‘बुलवार द बेलव्हिल’ हा रुंद रस्ता. इथे ट्युनिशियातून आलेले मुसलमान आणि ज्यू दोघांचीही दुकानं आहेत. मक्रूद मागा : रव्याच्या वडीत खजुराचं सारण, तळून पाकात किंवा मधात बुडवलेलं. दातांखाली आधी रवा करकरतो, मग खजूर लागतो. शेजारच्या परातीत केशरी वेटोळी दिसतील, ती झलाबिया. आपल्या जिलबीचं नाव त्याच शब्दावरून आलंय. मी पहिल्यांदा ती हातात धरली, तेव्हा काउंटरपलीकडच्या आजींना ‘जिलबी’ म्हणाले. त्यांनी ‘झलाबिया’ म्हणून मान डोलावली आणि पुडीत एक जास्तीची टाकली. आमचं पहिलं संभाषण ते एवढंच. पुढे सहा वर्षं त्या माझ्याशी अरबीत बोलायच्या, मी मराठीत. काही अडलं नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी याच बुलवारवर बाजार भरतो. तुम्ही शुक्रवारीच जा. सकाळी भाजीवाल्यांच्या आरोळ्या ऐका, दुपारी नमाजाला निघालेली माणसं दिसतील, आणि संध्याकाळी शब्बाथ (ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस) लागायच्या आत ज्यू दुकानदार शटर ओढू लागतील. त्यांच्याकडचं काही हवं असेल तर त्याआधीच घ्या. शनिवारी ती दुकानं बंद असतात.

जाताना ओला रुमाल आणि एक डबा न्या. झलाबियाचा पाक कागदातून झिरपतो, आणि संध्याकाळी मुलीसाठी दोन तरी उरायला हव्यात.