गेम पुन्हा टाकू नका, आधी एफ-४ उघडा

तुमचा प्रश्न वाचला आणि तीन वर्षांपूर्वीचा माझा अख्खा पावसाळा आठवला. ओपन रेल्स या ट्रेन चालवायच्या गेममध्ये गाडी टर्मिनसला आणून उभी केली, इंजिन सोडवलं, आता ते पुढे काढून शेजारच्या लायनीने गाडीच्या दुसऱ्या टोकाला लावायचंय. पण जी बटण दाबलं तरी समोरचा सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारी जागा, हलत नाही, सिग्नल लालच, आणि तसंच पुढे रेटलं की इमर्जन्सी ब्रेक लागून खेळ संपतो. शेवटी तुम्ही विचारलंय, "सगळं काढून पुन्हा इन्स्टॉल करू का?" त्या शेवटच्या वाक्यासाठी एवढं लांब लिहितोय. कृपा करून करू नका.

आधीच सांगतो, मी प्रोग्रामर नाही. बारा-तेरा वर्षं हा छंद आहे, पूर्वी मायक्रोसॉफ्टचा २००१ सालचा ट्रेन सिम्युलेटर होता, नंतर ओपन रेल्स. खाली जे लिहितोय ते माझ्या मशीनवर अनुभवलेलं आहे. बटणं ऑप्शन्समधून बदलता येतात, त्यामुळे तुमच्याकडे वेगळी असली तर एफ-१ दाबून यादी बघा.

माझे एक मामा जुन्या लिव्हर केबिनमध्ये होते, म्हणजे जिथून दांडे ओढून सांधे आणि सिग्नल हलवायचे तिथे. लहानपणी दोन-तीनदा मला वर नेलं होतं. लिव्हरचे दांडे चकचकीत पुसलेले, आणि ओढताना मामा हातात नेहमी फडकं धरायचे, कारण घामाचा हात लागला की दांड्याला गंज चढतो. एखादा लिव्हर हलला नाही तर त्यांनी कधी जोर लावला नाही. हात काढायचे आणि भिंतीवरच्या नकाशाकडे बघायचे. कुठला सिग्नल पडलाय, कुठल्या गाडीला रस्ता दिलाय, ते शोधायचे. सिग्नल परत वर गेला की तोच लिव्हर सहज यायचा. आता पॅनेलवर बटणं आली, तरी नियम तोच. गाडीला सिग्नल दिला की तिच्या रस्त्यातले सगळे सांधे कुलूपबंद. दिलेला रस्ता रद्द करायचा तर आपल्याकडच्या पॅनेलवर १२० सेकंद थांबावं लागतं, तेव्हा कुठे सांधा मोकळा होतो.

ओपन रेल्स हेच करतं. तुमचा सांधा बिघडलेला नाही, तो कोणाच्या तरी नावावर आहे. कोणाच्या, ते एफ-४ च्या खिडकीत दिसतं. तिथे कंट्रोल मोड, म्हणजे सांधे गेम लावणार की तुम्ही, ते लिहिलेलं असतं. ॲक्टिव्हिटी, म्हणजे आधीच आखून दिलेली फेरी, खेळत असाल तर बहुधा ऑटो सिग्नल असेल. म्हणजे गाडीचा रस्ता पाथ फाइलमध्ये आधीच आखलेला आहे आणि त्यातले सांधे गेम स्वतः लावणार. तुमच्या जी बटणाला तिथे किंमत नाही, आणि नसावीच.

यातून दोन शक्यता निघतात. पहिली, ॲक्टिव्हिटी करणाऱ्याने इंजिन फिरवणं पाथमध्येच आखलंय. मग सांध्यांना हात लावू नका. एफ-४ मध्ये परत फिरण्याची खूण दिसेल. इंजिन त्या जागेपर्यंत पूर्ण नेऊन उभं करायचं. जागा बरोबर आली की खुणेचा रंग बदलतो, मग रिव्हर्सर, म्हणजे इंजिनाची पुढे-मागे दिशा ठरवणारा दांडा, मागे टाका, सांधे आपोआप फिरतील. निम्मे लोक इथे दहा-पंधरा मीटर अलीकडेच थांबतात आणि सांधा हलत नाही म्हणून हैराण होतात. इंजिनाची मागची बोगी सांध्यावरून पूर्ण उतरलेलीच नसते! तीन नंबरचं बटण दाबून बाहेरून मागचं टोक बघायची सवय लावा. शंका आली तर डबाभर आणखी पुढे जा. गाडीखालचा सांधा कोणीच हलवू शकत नाही, खऱ्या यार्डातही नाही.

दुसरी शक्यता, पाथमध्ये हे काहीच नाही आणि शंटिंग, म्हणजे इंजिन-डबे इकडून तिकडे हलवणं, तुम्हाला तुमच्या मनाने करायचंय. मग गाडी पूर्ण थांबवा आणि कंट्रोल-एम दाबा. मॅन्युअल मोड मिळेल. चाकं जरा जरी फिरत असली तरी मिळत नाही. शून्य म्हणजे शून्य. मिळाला की जी ने समोरचा सांधा, शिफ्ट-जी ने मागचा. सिग्नल लाल असेल तर टॅब दाबून परवानगी मागा. सांधा आधी लावायचा, परवानगी नंतर. परत आपल्या आखलेल्या रस्त्यावर आलात की पुन्हा कंट्रोल-एम. विषय संपला.

समोर आणि मागे यात गोंधळ होत असेल तर बटणं सोडाच, एफ-८ ची छोटी खिडकी उघडा. दोन्हीकडचे सांधे कुठल्या बाजूला लागलेत ते दिसतं आणि माऊसने तिथेच बदलता येतात. रिव्हर्सर मागे टाकला म्हणून समोरचं मागे होत नाही, हे मला फार उशिरा समजलं.

आता माझं काय झालं ते. मी दौंडसारखं एक जंक्शन स्वतः बसवत होतो. पुण्याकडून येऊन मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन दौंडला फिरवायला लागायचं, ते ज्यांनी फलाटावर उभं राहून पाहिलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. ही दौंडला न फिरता थेट मनमाडकडे नेणाऱ्या कॉर्ड लायनीच्या आधीची गोष्ट. प्रवासी चहा प्यायला उतरायचे, इकडे इंजिन सुटून शेजारून धडधडत निघून जायचं आणि थोड्या वेळाने डब्यांना दुसऱ्या बाजूने हलका धक्का बसायचा. मला तो धक्का गेममध्ये हवा होता. पाच महिने रोज रात्री जेवण झाल्यावर बसायचो. सात ॲक्टिव्हिटी तयार झाल्या. त्यातल्या सहाव्यात अगदी तुमच्यासारखंच झालं, सांधा हलेना.

त्यात वापरलेली इंजिनं मी एका ठिकाणाहून पैसे देऊन घेतली होती. नाव घेत नाही. मला वाटलं, पैसे घेतलेत तर मदत करतील. स्क्रीनशॉटसकट सविस्तर लिहिलं. नऊ दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं: सगळं फोल्डर काढून टाका, आमचं पॅकेज नव्याने इन्स्टॉल करा. कंट्रोल मोड कुठला होता, एवढा एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. माझं पत्र कोणी वाचलंच नव्हतं, असं मला आजही वाटतं.

आणि मी ऐकलं. ही माझी चूक, आणि ती दुसऱ्या कोणावर ढकलत नाही. ॲक्टिव्हिटी कुठे साठवल्या जातात याचा विचारच केला नाही. त्या रूटच्या, म्हणजे गेममधल्या त्या रेल्वेमार्गाच्या, फोल्डरच्या आतच असतात. ॲक्टिव्हिटीज, पाथ्स, सर्व्हिसेस, ट्रॅफिक, सगळं तिथेच. रूट उडवला की ते सगळं गेलं. कॉपी नव्हती. रिसायकल बिनमध्येही नव्हतं, कारण एवढं मोठं फोल्डर म्हणून शिफ्ट-डिलीट केलं होतं. सात ॲक्टिव्हिटी आणि जंक्शनचं अर्धं यार्ड. त्या रात्री बायकोने विचारलं काय झालं, तर मला नीट सांगताही येईना.

एवढ्यावर थांबलं नाही. त्यांच्या इन्स्टॉलरने जाता जाता ग्लोबल या सामायिक फोल्डरमधली टीसेक्शन डॅट नावाची फाइल स्वतःच्या जुन्या प्रतीने बदलून टाकली. प्रत्येक रुळाचा आणि सांध्याचा आकार, तो किती अंशात वळतो, त्याचा मुख्य रस्ता कुठला, हे सगळं या एका फाइलमध्ये असतं आणि त्या ग्लोबलवर चालणारे सगळे रूट तीच वाचतात. जुनी प्रत आली की नवीन रूटमधले सांधे गेमला ओळखूच येत नाहीत. माझ्या दुसऱ्या दोन चांगल्या चाललेल्या रूटमध्ये रूळ मधेच गायब झाले. एका ठिकाणी टंग रेल, म्हणजे सांध्यातला हलणारा रूळ, डावीकडे चिकटलेली दिसायची आणि गाडी उजवीकडे जायची. तेव्हा कुठे मला सांध्यात खरा बिघाड काय असतो ते दिसलं. तुमचा तसा नाही. तुमच्या वर्णनात एकही रूळ गायब नाही आणि गाडी चुकीच्या बाजूला जात नाहीये.

महिनाभराने एका जुन्या जाणकाराने फोनवर विचारलं, "गाडी उभी करून कंट्रोल-एम दाबलं होतंस का?" नव्हतं दाबलं.

त्यामुळे माझं मत जरा कडक आहे, पटलं नाही तर सोडून द्या. सांध्याच्या तक्रारीवर पुन्हा इन्स्टॉल करा असं जो पहिल्या पत्रात सांगतो, त्याला सांध्यातलं काही कळत नाही. पैसे घेणारा असला तरी आणि फुकट सांगणारा असला तरी. सगळेच विकणारे असे नसतात हेही खरं. एका दुसऱ्या ठिकाणी मला तासाभरात नेमकं उत्तर मिळालेलं आहे.

मी आता प्रत्येक मोठा रूट वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो, त्याच्या स्वतःच्या ग्लोबलसकट. ऑप्शन्समध्ये कंटेंट म्हणून टॅब आहे, तिथे हवी तेवढी फोल्डरं जोडता येतात. कोणाचाही इन्स्टॉलर थेट चालवत नाही. आधी रिकाम्या फोल्डरमध्ये उघडून आत काय आहे ते बघतो. टीसेक्शन डॅट उघडून बघायची झालीच तर नोटपॅडमध्ये सेव्ह करताना युनिकोड सोडून दुसरं काही निवडू नका, फाइल वाचलीच जात नाही. आणि दर रविवारी सकाळी रूटचं फोल्डर झिप करून बाहेरच्या डिस्कवर.

शंटिंगला सुरुवात करण्याआधी एफ-२ ने सेव्ह करा. नुसतं इंजिन चालवताना ए-९ ला, म्हणजे अख्ख्या गाडीच्या ब्रेकला, हात लावायची गरज नाही, एसए-९, म्हणजे फक्त इंजिनाचा ब्रेक, पुरतो आणि नेमक्या जागी थांबता येतं. आणि सांध्यावरून वळताना वेग कमी ठेवा. आपल्याकडे १ इन १२ च्या सांध्यावरून लूपला, म्हणजे शेजारच्या लायनीला, जाताना साधारण ताशी ३० किलोमीटर, जास्त तीव्र वळणाच्या १ इन ८.५ वर १५. गेम तुम्हाला अडवणार नाही कदाचित, पण १५ ने गेलात तर फाउलिंग मार्कजवळ, म्हणजे ज्याच्या पुढे शेजारच्या लायनीला अडथळा होतो त्या खुणेजवळ, थांबायला वेळ मिळतो, आणि तुमचं अर्धं दुखणं तिथेच आहे असा माझा अंदाज आहे.

ॲक्टिव्हिटीत इतर गाड्या असतील तर आणखी एक शक्यता राहते. समोरून येणाऱ्या गाडीने तो सांधा आधीच घेतलेला असू शकतो. कंट्रोल-९ ने डिस्पॅचरची खिडकी उघडली की कोण कुठे आहे ते कळतं. ती गाडी जाऊ द्या.

एवढं करूनही हललं नाही तर डेस्कटॉपवर ओपन रेल्सची लॉग फाइल असते. तीत टीसेक्शन किंवा ट्रॅक शेप असा उल्लेख असलेल्या ओळी इथे टाका. सोबत इंजिन अडलेल्या जागी काढलेला एफ-४ आणि एफ-८ दोन्ही खिडक्यांचा एक स्क्रीनशॉट. मी रात्री साडेनऊनंतर असतो. आणि हे वाचताय त्या क्षणी, बाकी काहीही करण्याआधी, रूटच्या फोल्डरची एक कॉपी दुसरीकडे टाकून ठेवा.