ब्रॉडवेवर तारका गेल्यावर त्यांच्या जागी ज्येष्ठ अभिनेत्री का घेतात? असा प्रयोग बघावा का?

तुमचा प्रश्न असा: ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, एखादी जुनी संगीतिका नव्याने उभी राहते, तिच्या तारका करार संपला की निघून जातात आणि त्यांच्या जागी साठी, कधी ऐंशीही ओलांडलेल्या अभिनेत्री येतात. हे फक्त तिकिटं खपवायला करतात का, आणि असा 'बदली'चा प्रयोग बघण्यात काही अर्थ आहे का?

बघाच. मी तर म्हणेन, संधी मिळाली तर दोन्ही संच बघा. मी एकाच संगीतिकेचे दोन्ही संच पाहिलेत. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण दुसरा प्रयोग अजून मनातून जात नाही.

संगीतिका 'अ लिटल नाइट म्युझिक'. संगीत आणि गीतं स्टीफन सॉण्डहाइम यांची, संहिता ह्यू व्हीलर यांची, मूळ कथा इंगमार बर्गमनच्या 1955 सालच्या चित्रपटावरून घेतलेली. ब्रॉडवेवर पहिल्यांदा आली ती 1973 मध्ये. ट्रेव्हर नन यांनी ती लंडनमध्ये नव्याने बसवली आणि डिसेंबर 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्टर कर थिएटरात आणली. डेझिरे आर्मफेल्ट या नटीच्या भूमिकेत कॅथरिन झीटा-जोन्स आणि तिच्या म्हाताऱ्या आईच्या, मादाम आर्मफेल्टच्या भूमिकेत अँजेला लॅन्सबरी. जून 2010 मध्ये झीटा-जोन्सला टोनी, म्हणजे ब्रॉडवेचं सगळ्यात मानाचं पारितोषिक, मिळालं आणि त्याच महिन्यात दोघींचे करार संपले. 20 जूनला नाटक थांबलं. 13 जुलैला पुन्हा सुरू झालं तेव्हा डेझिरे होती बर्नाडेट पीटर्स, वय 62, आणि मादाम आर्मफेल्ट होती इलेन स्ट्रिच, वय 85.

तिकिटांचं गणित त्यात होतंच, ते नाकारण्यात अर्थ नाही. मोठं नाव गेलं की बुकिंग कोसळतं, म्हणून निर्माता दुसरं मोठं नाव शोधतो. पण नुसतं नावच हवं असतं तर चित्रपटातला एखादा चेहरा सहा-आठ आठवड्यांसाठी आणता आला असता. तसंही सर्रास चालतं. इथे निवड वेगळी होती. दोघींची हयात सॉण्डहाइम गाण्यात गेलेली. सॉण्डहाइम यांच्याच 1970 च्या 'कंपनी'तली जोआन ही भूमिका स्ट्रिचची, 1984 च्या 'संडे इन द पार्क विथ जॉर्ज'मधली डॉट ही भूमिका पीटर्सची. नाटक पुन्हा सुरू होण्याच्या चारच महिने आधी सॉण्डहाइम यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या मैफलीत दोघी एकाच मंचावर गायल्या होत्या. हे लोक त्या संगीताच्या घरातले. आपल्याकडे घराण्याचा गायक बंदिश घेतो तेव्हा ती त्याने पाठ केलेली नसते, अंगात मुरलेली असते, तसं.

आता वयाची गंमत बघा. लॅन्सबरी 84 वर्षांच्या आणि झीटा-जोन्स 40 ची. माय-लेकींत 44 वर्षांचं अंतर. डोळ्यांना ते आजी-नातीचं वाटायचं. स्ट्रिच आणि पीटर्स यांच्यात 23 वर्षं. दोघी रंगमंचावर आल्या आणि पहिल्यांदाच पटलं की ही हिची आई आहे. आयुष्यभर एकमेकींना नापसंती दाखवून आता दमलेल्या दोन बायका. उलट बाजूने अडचण होतीच: डेझिरेला तेरा-चौदा वर्षांची मुलगी आहे, आणि बासष्टाव्या वर्षी ते हिशेबात बसत नाही. पहिल्या प्रवेशात मला ते खटकलं. नंतर विसरलो, कारण त्या बदल्यात जे मिळालं ते फार मोठं होतं.

ते मिळालं 'सेंड इन द क्लाउन्स' या गाण्यात. डेझिरे तिच्या जुन्या प्रियकराला, फ्रेडरिकला, सांगून बघते की आपण आता एकत्र येऊ. त्याने मात्र अठरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलंय आणि त्यातून बाहेर पडायची हिंमत त्याच्यात नाही. तो नकार देतो आणि ती हे गाणं म्हणते. गाण्याचा जन्मही वयाशी आणि गळ्याशी जोडलेला आहे. 1973 मध्ये डेझिरे करणाऱ्या ग्लिनिस जॉन्स यांचा आवाज गोड, पण दम छोटा, सूर लांबवता यायचा नाही. म्हणून सॉण्डहाइम यांनी तालमी चालू असताना मुद्दाम त्यांच्यासाठी तुटक, छोट्या ओळी लिहिल्या. बहुतेक ओळी प्रश्नासारख्या, पटकन मिटणाऱ्या व्यंजनांवर संपणाऱ्या, म्हणजे प्रत्येक ओळीनंतर श्वास घेता येईल. एका नटीची मर्यादा हीच गाण्याची घडण झाली.

झीटा-जोन्सने ते छान म्हटलं होतं. सुंदर बाई, मोडलेला क्षण, टाळ्या. पण चाळिशीच्या बाईला आणखी एक संधी मिळेल असं प्रेक्षकाला मनातून वाटत राहतं. पीटर्स गायली तेव्हा तसं वाटेना. ती जवळजवळ हललीच नाही. दोन ओळींच्या मधली शांतता तिने इतकी ताणली की माझ्या शेजारच्या बाईंनी हातातला कार्यक्रमाचा कागद हळूच मांडीवर ठेवला, आवाज होऊ नये म्हणून. पुढच्या वर्षी बघू, या अर्थाची एक ओळ शेवटी येते. ती झीटा-जोन्सच्या तोंडून मी ऐकली तेव्हा हुरहूर लागली होती. पीटर्सच्या तोंडून ऐकताना कळलं की पुढचं वर्ष येणार नाहीये आणि ते तिला माहीत आहे. तेच शब्द, तीच चाल, तेच नेपथ्य. बदललं होतं ते फक्त गाणाऱ्या बाईचं वय, आणि तेवढ्याने गाण्याचा अर्थ बदलला.

स्ट्रिचबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आक्षेप घेतले जातात ते तिच्यासारख्या निवडींवरच. मादाम आर्मफेल्ट चाकांच्या खुर्चीत बसून असते आणि 'लिएझाँ' नावाचं एक लांबलचक गाणं म्हणते. तरुणपणी कोणकोण सरदार-राजे आपल्या पायाशी होते आणि त्या व्यवहारातून काय काय पदरात पडलं, त्याचा तो पाढा आहे. गाण्यातच असं लिहिलंय की बोलता बोलता तिचा धागा सुटतो, मी कुठे होते असं ती स्वतःलाच विचारते, आणि शेवटी शब्द अर्धा असतानाच डुलकी लागते. लॅन्सबरी हे अतिशय नेमकं करायच्या, विसरण्याची जागासुद्धा सुरेख आखलेली. स्ट्रिच त्या जागेवर आली तेव्हा मला खरंच कळेना की धागा मादामचा सुटलाय की स्ट्रिचचा. सगळं थिएटर पुढे झुकलं. तिने डोळे बारीक केले, हवेत कुठेतरी पाहिलं, आणि मग शब्द सापडल्यावर असा टाकला की जणू हरवलेली अंगठीच हाती लागली. आजही मी सांगू शकणार नाही की तो अभिनय होता की नव्हता. पुढे तिच्यावर निघालेल्या माहितीपटात गाण्याचे शब्द विसरणं, मधुमेहाशी झुंजणं हे सगळं तिने लपवाछपवी न करता दाखवू दिलंय. म्हणून कुणी म्हणेल की अशा वयात उभं करणं हे क्रौर्य आहे. मला तसं वाटत नाही. तिथे बसलेली बाई आठवण आणि विसर यांच्या काठावरून गात होती, आणि भूमिका नेमकी त्याच काठावर लिहिलेली आहे. याहून योग्य निवड मला सुचत नाही.

बदलीच्या कलाकाराला तालीम किती कमी मिळते हे बाहेर फारसं माहीत नसतं. चालू नाटकात येणाऱ्या कलाकाराची तयारी बहुधा रंगमंच व्यवस्थापक आणि सहायक दिग्दर्शक करून घेतात, रिकाम्या हॉलमध्ये, जमिनीवर पट्ट्या चिकटवून. पूर्ण संच, कपडे आणि प्रकाशासह एखादीच तालीम होते आणि लगेच प्रयोग. वर टोनीसाठी बदलीच्या कलाकाराचा विचार होत नाही. म्हणजे कष्ट तेवढेच आणि पारितोषिकाची शक्यता नाही. त्यामुळे मोठ्या बाई हे काम का स्वीकारतात, असा प्रश्न खरं तर उलट दिशेने विचारायला हवा. मला वाटतं त्यांना भूमिका हवी असते. साठीनंतर बायकांसाठी लिहिलेल्या मोठ्या भूमिका किती उरतात?

याचा जुना दाखला म्हणजे मूळ 'हॅलो, डॉली!' ही संगीतिका. 1964 ला कॅरल चॅनिंगने ती सुरू केली आणि निर्माते डेव्हिड मेरिक यांनी नंतर एकामागोमाग एक नामांकित बायका आणल्या: जिंजर रॉजर्स, बेटी ग्रेबल, मग 1967 मध्ये पर्ल बेलीसह संपूर्ण कृष्णवर्णीय संच, ज्यासाठी बेलीला खास टोनी दिलं गेलं. सगळ्यात शेवटी, 1970 मध्ये, आली एथेल मर्मन. भूमिका मुळात तिच्यासाठीच योजलेली होती आणि तिने तेव्हा नाकारली होती. ती आल्यावर संगीतकार जेरी हर्मन यांनी तिच्यासाठी रचलेली आणि गाळलेली दोन गाणी परत नाटकात घातली. ही बाब मला फार मोलाची वाटते. बाई आल्या म्हणून नाटक सरकलं, त्यांना जागा करून दिली. आणि योगायोग असा की तरुणपणी याच मर्मनची राखीव कलाकार होती ती इलेन स्ट्रिच. मर्मन आजारीच पडली नाही, स्ट्रिचला न्यूयॉर्कमध्ये एकदाही उभं राहता आलं नाही.

जागा करून देणं किती गरजेचं आहे ते मी स्वतः चूक करून शिकलो. इथे न्यूजर्सीत आम्ही हौशी मंडळी एका जुन्या संगीत नाटकाचे प्रयोग करत होतो. प्रमुख गायिका नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेली. तिच्या जागी आम्ही सत्तरीकडे झुकलेल्या एका काकूंना विनंती केली. पुण्यात असताना त्यांनी रंगमंचावर बरीच वर्षं काढलेली. मी त्यांना आधीच्या प्रयोगाचं चित्रीकरण दिलं आणि सांगितलं, "काकू, अगदी असंच करायचं." दोन तालमी त्या तसंच करायला गेल्या आणि गाणं पार कोरडं झालं. तिसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "अरे, तिची पट्टी काळी चार, माझी आता पांढरी दोन. आणि ती जिथे उठून चालते तिथे मी बसले तर चालणार नाही का?" पेटीवाल्याने पट्टी उतरवली. त्या बसूनच गायल्या. दुसऱ्या अंकातल्या त्या पदाला वन्समोअर आला.

म्हणून तिकीट काढताना एवढं बघा: नव्या बाईंसाठी पट्टी, लय, हालचाल बदललीय का, की त्यांना आधीच्या बाईंच्या पावलांच्या खुणांवर चालवलंय. दिग्दर्शकाची मुलाखत वाचली तरी अंदाज येतो. 'नाइट म्युझिक'चा वाद्यवृंद लहान होता, त्यामुळे वादक स्ट्रिचसाठी थांबायचे, ती श्वास घेईपर्यंत सूर धरून ठेवायचे. मोठ्या वाद्यवृंदात ते जमलं नसतं.

नाटकाच्या सुरुवातीला मादाम नातीला सांगते की स्वीडनमधली उन्हाळ्याची रात्र तीनदा हसते: एकदा तरुणांवर, एकदा मूर्खांवर, एकदा म्हाताऱ्यांवर. शेवटी नात म्हणते, दोन हसू झाली, आता फक्त शेवटचं उरलंय, आणि मादाम खुर्चीतच प्राण सोडते. स्ट्रिचने ते करताना काही केलं नाही. नुसता हात खुर्चीवरून जरा खाली आला. ब्रॉडवेवरची तिची ती शेवटची भूमिका ठरली. जानेवारी 2011 मध्ये नाटक बंद झालं, जुलै 2014 मध्ये ती गेली. माझ्याकडे त्या रात्रीचं तिकीट अजून आहे.