यांकीज बघायचेत? ब्रिजवॉटरपासून सुरुवात कर

पहिल्याच वर्षी यांकीजचे, म्हणजे न्यू यॉर्कच्या बेसबॉल संघाचे, सगळे १६२ सामने बघायच्या फंदात पडू नकोस, जूनपर्यंत जीव मेटाकुटीला येईल. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहतोस ना? मग ब्रिजवॉटरला जाऊन सॉमरसेट पेट्रियट्स बघ. २०२१ पासून हा यांकीजचा डबल-ए संघ, म्हणजे मुख्य संघाच्या दोन पायऱ्या खालचा, जिथे पोरं तयार होतात. मैदान रेल्वे स्टेशनला लागूनच, आणि खेळ इतका जवळून दिसतो की बॉल कॅचरच्या (बॅटरमागे बसून झेलणाऱ्याच्या) ग्लोव्हमध्ये आपटल्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो. अँथनी व्होल्पी २०२२ मध्ये इथे खेळला आणि २०२३ च्या पहिल्याच सामन्यात यांकीजचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फिल्डर)!

यांकीजच्या अशा संघांचा खालून वर क्रम असा: टँपा, हडसन व्हॅली, सॉमरसेट, स्क्रँटन. या संघांच्या हारजितीवर फार जाऊ नकोस. पोरगा चमकला की मधूनच त्याला वर उचलतात आणि मागे संघ लंगडा पडतो. त्यापेक्षा वय बघ. वीस-एकवीस वर्षांचा पोरगा डबल-एला टिकला तर नाव लक्षात ठेव. पिचरचे (बॉल टाकणाऱ्याचे) स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) किती, वॉक (चार खराब बॉलमुळे फुकट दिलेला पहिला बेस) किती, सुरुवातीला एवढं बास.

एकाच पाहुण्या संघाशी साधारण मंगळवार ते रविवार सहा सामने असतात, सोमवारी सुट्टी. पिचिंग कोण करणार ते बघूनच दिवस ठरव. आणि हो, दुखापतीतून सावरणारा एखादा बडा खेळाडू दोन-चार सामने इथे खेळून जातो. तशी बातमी आली की तिकीट लगेच काढायचं.