नॅनोपत्र्यांची मेम्ब्रेन : वाचकांचे प्रश्न

मेम्ब्रेन म्हणजे वायू गाळून वेगळे करणारा पातळ पडदा. इथे तो नॅनोपत्र्यांचा, म्हणजे जेमतेम काही अणूंच्या जाडीच्या पत्र्यांचा.

निर्दोष ग्राफीनमधून (कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पत्रा) हीलियमसुद्धा जात नाही म्हणतात. मग वायू वेगळे होतात कसे?

जात नाही, हे खरं. 2008 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगांनी ते दाखवलं. म्हणून वाट आपण करून द्यायची: एक तर पत्र्यातच छिद्रं हवीत, नाहीतर पत्रे रचून मधल्या फटीतून वायू न्यायचा. हायड्रोजनच्या रेणूचा गतिज व्यास (छिद्रातून जाताना रेणूचं जे माप धरायचं ते) 0.289 नॅनोमीटर, कार्बन डायऑक्साइडचा 0.33. सगळी कसरत या 0.04 नॅनोमीटरच्या फरकासाठी!

थर पातळ केला की झालं ना?

नाही. पातळपणामुळे प्रवाह वाढतो, निवड (एक वायू दुसऱ्याच्या किती पट जातो, तो आकडा) सुधारत नाही. आणि चांगल्या पॉलिमर मेम्ब्रेनचा निवडक थरही शंभरेक नॅनोमीटरचाच असतो. पॉलिमरमध्ये प्रवाह वाढवला की निवड घसरते. मेम्ब्रेन-संशोधक रोबसन यांनी 1991 मध्ये ही मर्यादा आलेखावर रेखली, 2008 मध्ये सुधारली. ती ओलांडायची तर वाटेचं माप पक्कं हवं.

मी एम.एस्सी.ला आहे. थरांच्या स्फटिकातून पत्रे छान सुटे झाले, पण थर दिल्यावर हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड वेगळे होत नाहीत. कुठे चुकतंय?

आधी आकडा बघा. निवड 4.7 च्या जवळपास असेल, तर ती फक्त रेणूंच्या वजनाची करामत आहे (44 भागिले 2, त्याचं वर्गमूळ). म्हणजे वायू बारीक भेगांतून निसटतोय. पत्र्यांना दोष देऊ नका, आधाराचा (ज्या सच्छिद्र तबकडीवर थर दिला तिचा) पृष्ठभाग आणि थराची सलगता तपासा.

सलग थर असूनही प्रवाह मंदावला असेल, तर रचना पाहा. चीनमधल्या दालियनच्या गटाने 2014 मध्ये झिंक आणि बेंझिमिडाझोल या सेंद्रिय रेणूचे सच्छिद्र, सुमारे 1 नॅनोमीटर जाडीचे पत्रे वापरले. असे पत्रे नीट एकावर एक बसले, तर छिद्रंच बुजतात. म्हणून विरळ द्रावण तापलेल्या आधारावर थेंबथेंब सोडलं. पत्रे अस्ताव्यस्त पडले आणि निवड दोनशेच्या वर गेली. एमएक्सीनचं (धातूच्या कार्बाइडसारख्या संयुगांचे पत्रे) मात्र उलट: वायू दोन पत्र्यांमधल्या फटीतून जातो, त्यामुळे तिथे रचना जितकी शिस्तीत तितकी बरी. आपला पत्रा कुठल्या जातीचा, ते ठरवल्याशिवाय कृती उचलू नका.

ओलसर वायू चालेल का?

ग्राफीन ऑक्साइड (ऑक्सिजनचे गट जोडलेलं ग्राफीन) पाण्याने फुगतं, फट रुंदावते. कोरड्या, शुद्ध वायूवरचे आकडे बघून भुलू नका. मिश्रणावरचे, दमट हवेतले आणि आठवड्यानंतरचेही मागा.